मोफत शिबिर, चिठ्ठीवर दोन आकडे आणि घरभर गोंधळ

घरकोंबडी
नमस्कार मंडळी, कुठल्या विभागात टाकायचं कळलं नाही म्हणून इथेच टाकतेय, ॲडमिन हलवा हवं तर.

झालं असं की घराजवळच्या हॉस्पिटलात रविवारी मोफत आरोग्य तपासणी शिबिर होतं आणि आई शेजारच्या दोघीतिघींबरोबर गेली. एरवी ती डॉक्टरकडे फिरकत नाही, "मला काय धाड भरलीये" हे ठरलेलं वाक्य, पण फुकट आहे आणि सगळ्याजणी चालल्यात म्हटल्यावर निघाली एकदाची. परत आली ती तोंड एवढंसं करून. हातात वीतभर चिठ्ठी, त्यावर बीपी १६८/९६, शुगर १७८ आणि दोन्हीला लाल पेनाने गोल, खाली "हाय. डॉक्टरांना भेटा". कुठल्या डॉक्टरांना, कधी, कशासाठी, काही नाही. तिने विचारलं तर म्हणे पुढे सरका, मागे रांग आहे.

तेव्हापासून ती पडूनच आहे. "मला शुगर निघाली" हे सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगून झालंय, मावशी तर फोनवर रडली म्हणे. आणि बाबांना आयतंच मिळालं, "म्हणून मी जात नाही, गेलं की काढतातच काहीतरी".

मला एवढंच विचारायचंय की या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा, आणि ही शिबिरं खरंच कामाची असतात का, कारण पुढच्या महिन्यात परत एक आहे आणि बाबांना ढकलायचा माझा विचार होता तो आता बारगळलाय.

तिरकस
फुकट म्हटलं की मी आधी विचारतो की मग पैसे कोण देतंय. हॉस्पिटलला गिऱ्हाईक हवं असतं, ते घरी बसून येत नाही म्हणून मंडप टाकून बोलावतात.

माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात टाचेला जेल लावून हाडांची मशीन लावली, दीड मिनिटात कागद बाहेर, त्यावर हिरवा-पिवळा-लाल पट्टा आणि माझा ठिपका बरोब्बर पिवळ्यात. शेजारच्याच टेबलावर हाडांच्या गोळ्यांचे डबे रचलेले!! टेबलं इतकी जवळ की खुर्चीवरून न उठता डबा उचलता यावा. नंतर कळलं की मशीनवाला हॉस्पिटलचा माणूसच नव्हता, गोळ्यांच्या कंपनीचा होता.

तुमच्या बाबांना माझा पूर्ण पाठिंबा.

सिस्टरबाई
घरकोंबडी, उत्तर देण्याआधी मला आईंना विचारून सांग. बीपी बघायच्या आधी किती वेळ उभ्या होत्या? जिना चढून गेल्या का? बसायला खुर्ची होती की स्टूल? मोजताना बोलत होत्या का? बाही कशी होती? आणि लघवीला जाऊन आल्या होत्या का, हे विचारायला लाजू नकोस, महत्त्वाचं आहे.

(मी अशा शिबिरांच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसलेय.)

घरकोंबडी
सिस्टरबाई तुम्ही तिथे होतात की काय 😄

आत्ता बसून सगळी उलटतपासणी घेतली. रांगेत पाऊण तास उभी. लिफ्टला गर्दी म्हणून दोन मजले जिन्याने. स्टूलवर बसवलं, पाठीला टेकू नाही आणि स्टूल उंच म्हणून पाय लोंबकळत होते. पूर्ण वेळ शेजारच्या काकूंशी गप्पा चालू, "त्या बाईने पट्टा गुंडाळला तरी मी आपली बोलतच होते". ब्लाउजची बाही घट्ट, ती वर सारली तर दंडाला काचत होती. आणि बाथरूमला जायचं होतं पण नंबर जाईल म्हणून गेली नाही.

म्हणजे सगळ्यात नापास ना?

सिस्टरबाई
पैकीच्या पैकी मार्क, उलट्या बाजूने.

आता नीट सांगते. बीपी घ्यायच्या आधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, दोन्ही पाऊलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही, दंड उघडा, हात टेबलावर आणि पट्टा साधारण छातीच्या उंचीला. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, धावपळ नको. आणि तोंड बंद. गप्पा मारल्या, पाय लोंबकळले, लघवी तुंबली यातल्या एकेका गोष्टीने वरचा आकडा साधारण ५ ते १० ने वाढतो, आणि आईंच्या बाबतीत तर सगळं एकदमच जमून आलं होतं. त्यात पांढरा कोट बघून धडधडणारी माणसं वेगळीच.

शिबिरात आम्हाला हे माहीत नसतं असं नाही गं. सकाळी पहिल्या दहा जणांना मी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं बसवते. अकरा वाजले की दारापर्यंत रांग, कोणीतरी ओरडतं "किती वेळ लावताय", आयोजक येऊन म्हणतात सिस्टर जरा भराभर, आणि मग पाच मिनिटांची पाच सेकंदं होतात.

पण, आणि हा पण मोठा आहे, मोजणी चुकीची झाली म्हणजे आईंचं बीपी नॉर्मल आहे असं धरून बसू नकोस. माहीत नाही, एवढंच खरं. दंडाला पट्टा बांधायचं मशीन आणा (मनगटाचं नको), सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट सोडून. पहिल्या दिवसाचे आकडे खोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे वही घेऊन जायचं. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला धरतात, काही देशांत १३०/८० लाच धरतात, ते डॉक्टर बघतील.

एक मात्र आठवडाभर थांबायचं प्रकरण नाही. आकडा १८०/१२० च्या पुढे आणि त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूला बधिरपणा, असलं काही असेल तर वही बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सी गाठायची.

निवृत्त_नाना
बीपीचं सिस्टरबाईंनी सांगितलंच आहे, शुगरचं मी सांगतो. आयुष्य लॅबमध्ये गेलं.

१७८ कधीचं? उपाशीपोटी की खाल्ल्यावर? चिठ्ठीवर लिहिलंय का? बहुतेक नसणार, कधीच लिहीत नाहीत. तास-दीड तास आधी पोटभर जेवून गेल्या असतील तर १७८ वरून मधुमेह आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे बोट टोचायच्या आधी हात धुतले होते का? बोटाला गोड काही चिकटलेलं असलं तर मशीन तेच मोजतं, त्याला काय माहीत रक्त कुठलं आणि साखर कुठली. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ते जात नाही.

आणि ते बोटाचं मशीन मुळात मधुमेह असलेल्यांनी घरच्या घरी लक्ष ठेवायला बनवलेलं आहे. आंतरराष्ट्रीय मानक सुद्धा १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतं. म्हणजे मशीन उत्तम असलं तरी १७८ म्हणजे १५१ ते २०५ मध्ये कुठेही. निदान करायचं तर शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये. उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा वर आली तर मधुमेह, तेही लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा खात्री करूनच. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते त्यामुळे आदल्या रात्री काय खाल्लं याने फरक पडत नाही. रक्त फार कमी असेल तर मात्र ती फसवते, म्हणून हिमोग्लोबिन सोबत करून घ्या.

तोपर्यंत नातेवाइकांना फोन बंद.

मोरपीस
तिरकस यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. सगळी शिबिरं एका मापाने मोजू नका.

माझे सासरे. डोळ्यांची तपासणी म्हणून गेले, खरं तर चष्म्याचा नंबर फुकट काढून मिळेल म्हणून. डोळ्याचं प्रेशर बघितलं, १८ आलं, म्हणजे नॉर्मलमध्येच (२१ पर्यंत नॉर्मल धरतात). टेबलावरच्या माणसाने पुढे पाठवून पण दिलं होतं. शेवटच्या टेबलावर एक तरुण डॉक्टर मुलगी होती, जेमतेम पंचविशीची असेल, तिने टॉर्चसारखं यंत्र डोळ्यापाशी नेऊन आत बघितलं, मग परत बघितलं, मग दुसरा डोळा, मग पुन्हा पहिला. सासरे वैतागले. ती म्हणाली काका, तुमच्या घरात कोणाला काचबिंदू होता का? सासऱ्यांचे वडील शेवटी आंधळे झाले होते, "म्हातारपणाने", असंच घरात सगळे म्हणायचे.

फिल्ड टेस्ट (नजर कडेला कुठवर पोचते ते बघणारी) केली तर डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेलेली. त्यांना पत्ताच नाही, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि समोरचं स्पष्ट दिसत असतं. आम्हाला वाटायचं दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतात ते धांदरटपणाने. गेलेली नजर परत येत नाही पण राहिलेली थेंबांवर टिकून आहे. रोज रात्री ९ ला मोबाईलमध्ये गजर वाजतो.

आता हे फुकट होतं म्हणून वाईट का?

तिरकस
ताई, सासऱ्यांचं चांगलं झालं याचा आनंदच आहे. पण एक सासरे निघाले म्हणून हजारांना रांगेत उभं करायचं का?

आकडेमोड
तिरकसने चुकून बरोबर प्रश्न विचारलाय, लांबण लावतो, माफ करा.

समजा एक आजार शंभरात एकाला आहे आणि त्याची टेस्ट चांगली आहे, म्हणजे आजार असलेल्या १० पैकी ९ जणांना पकडते आणि नसलेल्या १० पैकी ९ जणांना बरोबर सोडून देते. शिबिराला १००० माणसं आली. आजारी १०, त्यातले ९ सापडले, छान. निरोगी ९९०, त्यातल्या ९९ जणांना टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह म्हणते. म्हणजे लाल गोल १०८ चिठ्ठ्यांवर आणि खरे आजारी त्यात ९. मोरपीस यांचे सासरे त्या ९ मध्ये, आणि उरलेले ९९ घरी जाऊन पडून राहतात आणि मावशीला फोन करतात. टेस्ट तीच ठेवून ज्यांच्या घरात आजार आहे किंवा वय जास्त आहे अशांनाच बोलावलं आणि त्यांच्यात आजाराचं प्रमाण १० टक्के असलं तर तेच गणित परत करा, खरे ९० आणि खोटे ९०. कोणाला बोलावलं यावर सगळं अवलंबून.

आणि हे आत्ताचं शहाणपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंगनर या दोघांकडून स्क्रीनिंगची (म्हणजे त्रास नसलेल्यांच्या तपासणीची) तत्त्वं लिहून घेतली, दहा मुद्दे आहेत, त्यातला एक साधा आहे की सापडलेल्या माणसावर उपचार करायची सोय आधी हवी. दुसरा असा की हे सतत चालणारं काम आहे, एकदा करून मोकळं व्हायचं नाही. आईंच्या चिठ्ठीवर "कुठल्या डॉक्टरांना" हे नव्हतं ना, तिथेच हे दोन्ही मुद्दे पडले.

जास्त शोधल्याने नुकसान होतं याचं ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचं. १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण आलाच आहात तर मानेची सोनोग्राफी पण करून घ्या असं हॉस्पिटलांनी सुरू केलं. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ च्या १५ पट झाली आणि त्या कॅन्सरने मरणाऱ्यांची संख्या होती तिथेच राहिली. म्हणजे जे कॅन्सर आयुष्यभर गपगार पडून राहिले असते तेच शोधून काढले. बहुतेकांची ग्रंथी काढली, आता जन्मभर रोज गोळी.

कोक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय संशोधनांचा एकत्र आढावा घेणारी संस्था) २०१९ मध्ये अडीच लाखांच्या वर माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या, सरसकट हेल्थ चेकअपमुळे मृत्यूंमध्ये फरक जवळपास शून्य.

मोरपीस
आकडे पटले हो, पण तुमचं शून्य आणि आमचा डावा डोळा यांचा मेळ कसा घालायचा?

आकडेमोड
घालायची गरज नाही, दोन्ही खरंय. "सरसकट सगळं तपासा" याचा फायदा दिसत नाही. ठरावीक वयात ठरावीक टेस्टचा दिसतो. बीपी मोजणं, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाची तपासणी, पन्नाशी-साठीत मॅमोग्राफी, या टेस्टच्या मागे भक्कम पुरावा आहे. काचबिंदूची सरसकट तपासणी करावी का यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही, पण वडिलांची नजर तशी गेलेली असताना सासऱ्यांनी डोळे दाखवायलाच हवे होते, शिबिर असो नसो. उलट काहीही त्रास नसताना मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, सरसकट ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण शोधणाऱ्या रक्ताच्या टेस्ट), हे पॅकेजमध्ये फुकट मिळालं तरी मी हात जोडून घरी येईन.

खिडकीतून
सगळे बीपी-शुगरवरच बोलताय म्हणून बायकांच्या तपासणीबद्दल लिहिते.

मी गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीला शिबिरातच गेले, वयाच्या ४३ व्या वर्षी पहिल्यांदा, आधी कोणी कधी सुचवलंच नव्हतं. तपासणी दोन मिनिटांची. दुखत नाही म्हणतात ते पूर्ण खरं नाही, अवघडल्यासारखं होतं, पण दात काढण्यापेक्षा खूपच सोपं. डॉक्टर बाईंनी आधी यंत्र हातात देऊन दाखवलं, कोमट पाण्यात धरलं, "थांब म्हणालात की थांबेन" म्हणाल्या. त्या एका वाक्याने अर्धी भीती गेली.

मग बाहेर मात्र सगळ्यावर पाणी. टेबलावरचा मुलगा मोठ्याने "त्या पॅपवाल्या बाई कोण, सही राहिली". हॉलमध्ये दीडशे माणसं. माझ्या सोसायटीतले दोन काका. मी खाली मान घालून सही केली आणि पुढचे सहा महिने तिकडे रिपोर्ट आणायला गेले नाही. सहा महिने!! नॉर्मल होता म्हणून निभावलं, नसता तर? आयोजक कोणी वाचत असतील तर मंडप, फुगे, सत्कार काही नको, एक पडदा आणि हळू आवाजात बोलणारा एक माणूस द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कॅन्सर जवळपास सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि व्हायला बरीच वर्षं घेतो, म्हणून मधल्या पायरीवर पकडता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० पर्यंतचं ध्येय ठरवलं, ९०-७०-९०. म्हणजे ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत परत तपासणी, आणि ज्यांच्यात काही सापडेल त्यातल्या ९० टक्के जणींना उपचार. एचपीव्हीच्या टेस्टला नमुना आपला आपण घेता येतो, काडी आत फिरवून बाटलीत टाकायची, कोणासमोर झोपायची गरज नाही. आपल्या हॉस्पिटलात आहे का विचारा.

घरकोंबडी
खिडकीतून, मी ३८ ची आहे आणि एकदाही केलेली नाही. हे इथे लिहिताना सुद्धा इकडे-तिकडे बघितलं कोणी वाचत नाही ना. करते.

वाचनमात्र
आयडी काढून सात वर्षं झाली, पहिलाच प्रतिसाद.

थोडं अवांतर पण शिबिराशी संबंधित. आमच्याकडच्या हॉस्पिटलात टोचाटोची नसलेला कार्यक्रम असतो, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबत राहणं) शिकवतात, फुकट. मला वाटायचं सिनेमात बघतो तसं दोनचारदा दाबायचं आणि माणूस खोकत उठतो. जमिनीवर कमरेपर्यंतचा रबरी पुतळा, आत स्प्रिंग, नीट खोल दाबलं की "टक्" वाजतं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, कोपर सरळ, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पहिल्यांदा माझा टक् वाजलाच नाही. शिकवणारा म्हणाला जीव लावा, याची बरगडी मोडली तरी तो तक्रार करणार नाही. दोन मिनिटांत शर्ट ओला, हात थरथरायला लागले. तेव्हा कळलं की दोन मिनिटांनी माणूस बदला असं का सांगतात.

लकव्याची लक्षणं पण त्यांनीच सांगितली, तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, म्हणून सुरुवात कधी झाली ते घड्याळ बघून लक्षात ठेवा. या कार्यक्रमाला वीस माणसं. शेजारच्या हॉलमध्ये शुगर तपासणीला तोबा गर्दी.

तिरकस
वाचनमात्र, सात वर्षांत पहिला प्रतिसाद आणि तो माझ्या विरोधात नाही, दंडवत घ्या.

नाना, माझ्या टाचेचं काय? खरं सांगायचं तर तो पिवळा ठिपका मी विसरलेलो नाही. कागद अजून कपाटात आहे.

निवृत्त_नाना
वाटलंच होतं. टाचेचं अल्ट्रासाऊंड फार तर चाळणी आहे, त्यावरून निदान होत नाही आणि गोळ्या तर मुळीच सुरू होत नाहीत. खरी तपासणी डेक्सा, म्हणजे कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, त्यात टी स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ म्हणायची. वय किती, आधी किरकोळ पडून हाड मोडलंय का, स्टिरॉइड घेता का, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, हे डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील डेक्सा हवी की नको. डबा घेतला होता का?

तिरकस
दोन.

निवृत्त_नाना
😄😄

सिस्टरबाई
मी परत एकदा थोडं टेबलाच्या पलीकडचं सांगते, कारण आयोजकांना शिव्या देणं सोपं आहे.

शिबिर झालं की संध्याकाळी फोटो येतात, बॅनरखाली सगळे. रजिस्टर कपाटात. एका वर्षी आमच्या मेट्रननी हट्टच धरला की लाल गोल ज्यांना दिला त्या प्रत्येकाला दोन आठवड्यांनी फोन करायचा. माझ्या वाट्याला ६४ नावं. पाच-सहा नंबर चुकीचे, बरेच उचलेनात, काही म्हणाले "बरं वाटतंय मला, कशाला फोन करता", एकाने मला विमा विकणारी समजून झापलं. डॉक्टरकडे जाऊन आलेली ११ माणसं. अकरा. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि ओपीडीचा खोली नंबर छापला आणि तपासतानाच अपॉइंटमेंट लिहून दिली, बाकी काही बदललं नाही, तर निम्म्याहून जास्त माणसं आली.

म्हणून मी ओळखीच्यांना एकच सांगते, हात पुढे करायच्या आधी विचारा, "यात काही निघालं तर पुढे कोण बघणार आणि कधी?" नीट उत्तर देणारं शिबिर चांगलं. जाताना चालू गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट, चष्मा न्या, बाही सैल घाला. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवत येऊ नका. फोन नंबर घेतात तो कशासाठी तेही विचारा. आणि जमलं तर मोठे दिवस टाळा, १७ मे रक्तदाब दिन, २९ सप्टेंबर हृदय दिन, १४ नोव्हेंबर मधुमेह दिन, या दिवशी गर्दी अशी असते की आम्हालाच बीपी होतं.

घरकोंबडी
*(अपडेट, ११ दिवसांनी)*

सॉरी उशीर झाला. सात दिवस वही लिहिली, सरासरी १४३/८८. म्हणजे १६८ खोटं होतं पण बीपी आहे. लॅबमध्ये उपाशीपोटी शुगर ११२, एचबीए१सी ६.१, हिमोग्लोबिन ठीक. डॉक्टर म्हणाले शुगर उंबरठ्यावर आहे, मधुमेह नाही, वजन आणि चालणं बघा, तीन महिन्यांनी परत तपासू. बीपीसाठी मीठ कमी आणि एक लहान डोसची गोळी सुरू केलीये. चिठ्ठी बघून म्हणाले, बरं झालं आलात, आकडा चुकीचा असला तरी पत्ता बरोबर होता.

गंमत म्हणजे मधुमेह नाही म्हटल्यावर आई चक्क हिरमुसली, कारण सगळ्यांना सांगून झालं होतं आता परत फोन करावे लागणार. मावशी म्हणाली मी उगाच रडले.

आणि आता घरात मशीन आलंय तर आईचा दवाखाना उघडलाय. सकाळी सात वाजता टेबलाशी बसते, जो दिसेल त्याला बोलावते, पाठ टेक, पाय खाली ठेव, तोंड बंद, बाथरूमला जाऊन आलास का. कामाला येणाऱ्या ताईंचं झालं, कुरिअरवाला थोडक्यात वाचला. काल बाबांना धरलं. १५८/९८. बाबा म्हणाले मशीन बिघडलंय. आज सकाळी १५६/९८. बाबा म्हणाले पट्टा आवळतोय म्हणून येतं ते. खरंच आवळतोय हो, जेमतेम पुरतो, वेल्क्रो फुगल्यावर कर्र करतं.

सिस्टरबाई
बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो. मशीनबरोबर जो मिळतो तो बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो, पट्ट्यावर लिहिलेलं असेल. शिवणकामाची टेप घे, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोज.

घरकोंबडी
३५.

सिस्टरबाई
मग मोठा पट्टा आण. त्याच कंपनीचा, त्याच मशीनचा, दुसऱ्याचा चालत नाही.

तिरकस
बाबांचा विजय असो!

घरकोंबडी
*(३ दिवसांनी)*

मोठा पट्टा आला. काल संध्याकाळी १५०/९४, आज सकाळी १४८/९४. दोन्ही वेळा आईने पाच मिनिटं घड्याळ लावून बसवलं होतं.

बाबा म्हणतात हा पट्टा सैल आहे. मोजणं चालू असतानाच म्हणतात.

सिस्टरबाई
आईंना सांग, ती दोन मोजणी धरू नका. गप्प बसवून परत घ्या, आणि सात दिवसांची वही त्यांची पण सुरू करा.